एका ओळीत सगळं मावायलाच हवं का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): जिल्ह्याच्या गावी आमचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे. मी बी.एस्सी. झाले, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घरीच शिकले. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात आणि खाली लिहितात, '१-५, ८, ११-१३ एवढीच पानं काढा'. ती ओळ वाचून पानं वेगळी करणारा आणि बिल काढणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला. सुरुवातीला त्यातला रेजेक्स (मजकुराचा ठरावीक आकार ओळखणारं सूत्र) अर्ध्या ओळीचा होता. आता तो चार ओळींचा झालाय आणि माझा मलाच वाचता येत नाही (सोबत जोडला आहे). दर आठवड्याला कुणीतरी नव्या तऱ्हेनं लिहितं आणि तो मोडतो. गेल्या महिन्यात मी तो कोड नव्यानं लिहिला आणि एका मुलीच्या प्रबंधाच्या सात प्रतींमध्ये प्रत्येक भागाचं शेवटचं पान आलंच नाही. बाइंडिंग झाल्यावर कळलं. दादा म्हणतो, गिऱ्हाइकांना एका ठरावीक पद्धतीनंच लिहायला लाव. पुण्यात आयटीत असलेली मैत्रीण म्हणते, तुझं रेजेक्स कच्चं आहे, कोर्स कर. मी रेजेक्स नीट शिकू, की ते सोडून 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने देऊ? आणि एवढ्याशा गोष्टीवर मी अडते म्हणजे हे काम माझं नाही का?

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या प्रबंधाबद्दल बोलू, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय हे पत्रावरून दिसतं.

'११-१३' मधून तुमच्या रेजेक्सनं ११ आणि १३ हे आकडे बरोबरच काढले होते. चूक त्याच्या पुढच्या ओळीत आहे. पीडीएफ हाताळणाऱ्या तयार कोडमध्ये, म्हणजे लायब्ररीत, पहिलं पान शून्याव्या जागी असतं, म्हणून तुम्ही दोन्ही आकड्यांतून एक वजा केला आणि रेंजला (सलग आकडे देणाऱ्या पायथॉनच्या सोयीला) १० आणि १२ दिले. पण पायथॉनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही. तिनं १० आणि ११ एवढंच दिलं, म्हणजे अकरावं आणि बारावं पान. तेरावं गेलं. सुरुवातीच्या आकड्यातून एक वजा करायचा आणि शेवटचा आहे तसाच ठेवायचा, एवढीच दुरुस्ती आहे. '८' सारखं एकटं पान तुम्ही वेगळ्या वाटेनं हाताळता, म्हणून ते नीट आलं आणि चूक लपून राहिली.

हे इतकं फोडून सांगितलं, कारण त्या प्रसंगाचं सगळं खापर तुम्ही रेजेक्सवर आणि पर्यायानं स्वतःवर फोडलंय. मैत्रिणीनं सुचवलेला कोर्स तुम्ही वर्षभर आधी केला असता तरी हे पान गेलंच असतं. कोर्स जरूर करा, विद्या वाया जात नाही. पण या दुखण्यावरचं औषध ते नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीतक. ते तुम्ही कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण चारही ओळींतून ते बोलतंय: गिऱ्हाइकाची पूर्ण ओळ एकाच रेजेक्सनं तपासायची, त्याच झटक्यात आकडे काढायचे आणि ते बरोबर आहेत का तेही त्यानंच सांगायचं. ही अपेक्षा कुठून येते? बहुधा इंटरनेटवर सापडणाऱ्या एकोळी उत्तरांवरून. पण त्या यंत्राला मुळात काय जमतं ते बघू या.

१९५०च्या दशकात स्टीफन क्लेनी या गणितज्ञांनी ज्या कल्पनेवर काम केलं, तिच्यातून रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रेजेक्स, आलं. केन थॉम्पसन यांनी १९६८ साली मजकुरात शोध घेण्यासाठी ती वापरायची रीत प्रसिद्ध केली, आणि त्याच घराण्यातून पुढे युनिक्स या संगणकप्रणालीतला ग्रेप हा मजकूर शोधणारा प्रोग्राम आला. कल्पना साधी आहे. एक यंत्र मजकुराचं एकेक अक्षर वाचत पुढे जातं आणि 'मी सध्या कोणत्या अवस्थेत आहे' एवढंच लक्षात ठेवतं. 'अंक, मग रेघ, मग अंक' हा आकार त्याला छान ओळखता येतो. पण रेघेच्या डावीकडचा आकडा उजवीकडच्यापेक्षा लहान आहे का, हे विचारलं की त्याची पंचाईत होते. कितीही मोठा आकडा मनात धरून दुसऱ्याशी ताडून बघणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. आजच्या रेजेक्सना क्लेनींच्या कल्पनेपेक्षा जास्त करता येतं, तरी 'पाचापेक्षा तीन लहान' हा हिशेब त्यांच्याकडून करून घेणं म्हणजे सुतारकामाच्या पटाशीनं भाजी चिरणं.

तुमच्या दुसऱ्या ओळीत हेच झालंय. पीडीएफ १२० पानांची आहे म्हणून तुम्ही 'एक अंकी, किंवा दोन अंकी, किंवा एकावर शून्य किंवा एक आणि मग कोणताही अंक, किंवा नेमका १२०' असा रेजेक्स बांधलात. बरोबर आहे तो, मी तपासला. पण उद्या १२१ पानांचं पुस्तक आलं की तो पुन्हा लिहायचा! आकडा पूर्णांकात बदलून घ्या आणि 'एकूण पानांपेक्षा लहान किंवा तेवढाच' अशी साधी तुलना करा. ती ओळ शाळकरी पोरालाही वाचता येईल.

मग रेजेक्सकडे काय ठेवायचं? एका तुकड्याचा आकार, एवढंच. आधी ओळ कॉमावर तोडा. प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या मोकळ्या जागा काढून टाका. मग तो तुकडा या आकाराचा आहे का ते बघा ('अंक' म्हणजे बॅकस्लॅश-डी, कोणताही एक अंक ओळखणारी खूण, समजा; अधिक म्हणजे 'एक किंवा जास्त'):

(अंक+)(?:-(अंक+))?

एक आकडा आणि त्यापुढे, असलीच तर, रेघ आणि दुसरा आकडा. संपलं. पायथॉनमध्ये यासाठी 'फुलमॅच' वापरा, नुसतं 'मॅच' नको. 'मॅच' फक्त सुरुवात जुळवतं, त्यामुळे '१-५बघा' हा तुकडाही ते मुकाट्यानं स्वीकारतं.

पूर्ण ओळ एकदम जुळवण्यात आणखी एक खाच आहे आणि ती जवळून बघण्यासारखी आहे, कारण तुम्ही वैतागून लिहिलंय की 'कधीकधी मधली पानं गायब होतात आणि कधीकधी भलतीच येतात'. रेजेक्समधला कंस सापडलेला भाग जपून ठेवतो. पण तो पुन्हापुन्हा लागू होत असेल, तर पायथॉन त्यात फक्त शेवटच्या फेरीत सापडलेलं ठेवतं. '१-५, ८, ११-१३' ही ओळ तुमच्या रेजेक्सला पूर्ण जुळते, पण हातात येतात १, ५, ११, १३. आठ हरवला. आता तीच पानं गिऱ्हाइकानं '१-५, ११-१३, ८' अशी लिहिली तर? पुन्हापुन्हा लागू होणाऱ्या भागात दोन कंस आहेत. शेवटच्या फेरीत त्यांतल्या पहिल्या कंसात ८ येतो. दुसऱ्या कंसाला त्या फेरीत काहीच मिळत नाही, म्हणून त्यात आधीच्या फेरीतला १३ तसाच राहतो. प्रोग्रामला दिसतं ८ ते १३, आणि गिऱ्हाइकाला नको असलेली नववी आणि दहावी पानं बिलात चढतात. हेच जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत) केलं असतं तर दर फेरीला ते कंस रिकामे होतात, म्हणजे तिथे चूक वेगळी दिसली असती. एवढ्या बारकाव्यावर दुकानाचा हिशेब टांगून ठेवायचा नसतो. तुकडे पाडले की हा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या पहिल्या ओळीतला ^(अंक+,?)+$ हा भागही आजच काढून टाका. अधिकच्या आत अधिक आहे आणि कॉमा ऐच्छिक आहे, त्यामुळे सलग अंकांची फोड असंख्य तऱ्हांनी होऊ शकते. तीस अंक आणि शेवटी एक अक्षर अशी ओळ आली, तर नकार देण्याआधी यंत्र ५३ कोटींहून अधिक फोडी करून बघेल. काउंटरवरचा संगणक गोठेल आणि समोर रांग उभी राहील. ही भीती पुस्तकी नाही. २ जुलै २०१९ रोजी असंख्य वेबसाइटांना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीची जगभरातली सेवा २७ मिनिटं कोलमडली, ती अशाच माघारी फिरून पुन्हापुन्हा प्रयत्न करणाऱ्या एका रेजेक्समुळे. तिथे मोठमोठ्या अनुभवी लोकांची फौज होती. तेव्हा 'हे काम माझं नाही का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दादा म्हणतो गिऱ्हाइकांना शिस्त लावा, आणि तुम्ही म्हणता लोक दर आठवड्याला नवीन तऱ्हेनं लिहितात. दोघांच्याही बोलण्यात लोक चुकतात असा सूर आहे. तुम्ही पाठवलेले व्हॉट्सॲपचे नमुने मी एकेक करून वाचले. त्यातला मला जवळजवळ प्रत्येक समजला. दादालाही समजला असता. म्हणजे लोक मराठीत नीटच लिहितायत.

बघा ना, एकानं '५ ते ८' लिहिलंय. एकानं आकडे देवनागरीत लिहिलेत, एकानं इंग्रजीत, आणि एका ताईंनी एकाच ओळीत दोन्ही. इथे पायथॉन तुमच्या बाजूनं आहे. त्याचा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही ओळखतो आणि '१२' ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, सरळ बारा या पूर्णांकात बदलते, वेगळं काही करावं लागत नाही. मात्र उद्या हेच वेबपेजवर आणून ब्राउझरमध्ये तपासायला लागलात तर सावध राहा. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखतो. रेजेक्स तोच, पण एका जागी मराठी आकडा चालतो आणि दुसऱ्या जागी नाकारला जातो, असं होईल.

रेघेचंही तसंच. डोळ्यांना एक दिसते, पण कळफलकावरचा हायफन वेगळा, वर्डमध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडून टाइप केल्यावर आपोआप लांब होणारी एन-डॅश वेगळी, एम-डॅश आणि गणितातलं वजाचिन्ह आणखी वेगळं. वर्डमधून चिकटवलेली ओळ मोडते ती यामुळे. हे तुमच्या लक्षात आलं होतं. तिसऱ्या ओळीत तुम्ही [,-–] असा चौकटी कंस घातलाय, म्हणजे 'कॉमा, हायफन किंवा एन-डॅश'. पण चौकटी कंसात मधोमध आलेला हायफन स्वतःच 'पासून-पर्यंत' होतो. यंत्रानं त्याचा अर्थ लावला 'युनिकोडच्या (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या) यादीत कॉमापासून एन-डॅशपर्यंतचं प्रत्येक चिन्ह'. त्यात सगळे अंक आले, सगळी इंग्रजी अक्षरं आली आणि अख्खी देवनागरीही आली. म्हणून तुमचा प्रोग्राम गेले काही दिवस काहीही स्वीकारतोय. कंसात हायफन नेहमी अगदी शेवटी ठेवा. त्याहून बरं म्हणजे तुकडे पाडायच्या आधीच सगळ्या रेघा बदलून एकच हायफन करा, म्हणजे पुढे रेजेक्सला त्यांची ओळखच लागणार नाही.

'ते' चाही हायफन करायचा, पण दोन्ही बाजूंना आकडा असेल तरच. 'ते ८ नंबरचं पान' असंही लोक लिहितात, आणि तिथला 'ते' वेगळा.

आणि आता तो नमुना, ज्यावर तुम्ही फुली मारून 'याचं काय करू?' असं लिहिलंय: 'शेवटची २-३ पानं काढा'. तुमच्या प्रोग्राममध्ये 'फाइंडऑल' आहे. ते मजकुरातून आकड्यांसारखं दिसेल ते वेचतं आणि बाकीचं टाकून देतं. त्यानं दुसरं आणि तिसरं पान काढलं. माणसाला शेवटची दोनेक पानं हवी होती. आपल्या भाषेत 'दोन-तीन', 'पाच-सात' हे अंदाजाचे शब्द आहेत. ती रेघ कुठून कुठपर्यंत ते सांगत नाही. हे कोणताही रेजेक्स ओळखणार नाही आणि त्यानं ओळखावं असा हट्टही नको. म्हणून न समजलेले शब्द गाळू नका. 'पान', 'पाने', 'पानं', 'पृ.', 'पेज', 'काढा' अशी ओळखीच्या शब्दांची छोटी यादी करा आणि तेवढेच काढून टाका. त्यानंतरही तुकड्यात काही उरलं, तर प्रोग्रामनं थांबून विचारायचं. कोणता तुकडा कळला नाही तो जसाच्या तसा दाखवा, नुसतं 'एरर' लिहू नका. दादाला तो तुकडा दिसला की तो गिऱ्हाइकाला फोन करेल. त्या कामासाठी तोच योग्य माणूस आहे.

हे मी कळवळून सांगतेय, कारण असा एक घाव मी खाल्लाय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गृहसंकुलाच्या देखभाल-बिलांचं काम माझ्याकडे होतं. सेक्रेटरींनी 'फ्लॅट १०१-४०४' असं लिहून दिलं. चार मजले, मजल्यावर चार घरं, एकूण सोळा. माझ्या कोडनं ३०४ बिलं तयार केली. आकार अगदी बरोबर होता, सुरुवात शेवटापेक्षा लहान होती, सगळ्या तपासण्या पार झाल्या. फक्त फ्लॅटचा नंबर ही मोजायची संख्या नसते, ते नाव असतं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तुमच्या दुकानात या जातीचे प्रश्न आहेतच. प्रबंधाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका, आभार वगैरेची वेगळ्या अंकांची पानं असतात. मुलगी 'पान १' म्हणते तेव्हा छापलेलं पान १ म्हणते, की फाइलमधलं पहिलं? दहा-बारा पानांचा फरक पडतो. संदर्भसूचीत '१२३-२७' लिहितात, म्हणजे १२३ ते १२७. आर्थिक वर्ष '२०२३-२४' लिहितो तसंच ते. तुमचा प्रोग्राम याला उलटी रेंज म्हणून नाकारतो आणि माझ्या मते त्यानं नाकारावंच, पण विचारताना '१२३-१२७ म्हणायचंय का?' असं विचारावं. परस्पर गृहीत धरून छापू नये.

मग '-५'. तुम्ही विचारलंय की याचा सर्वमान्य अर्थ काय. सर्वमान्य असा नाही. युनिक्सच्या 'कट' या आज्ञेत त्याचा अर्थ पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. वेबवर फाइलचा तुकडा मागवायच्या एचटीटीपीच्या नियमांत '-५००' म्हणजे शेवटचे पाचशे बाइट. दोन्ही जुन्या, रोज वापरातल्या रीती आहेत आणि एकमेकींच्या उलट आहेत. '५-' चा अर्थ मात्र दोन्हीकडे पाचपासून शेवटपर्यंत. म्हणून '५-' घ्यायचा असेल तर घ्या. त्यासाठी रेघेनंतरचा आकडा ऐच्छिक करा, म्हणजे दुसऱ्या कंसातल्या अधिकच्या जागी तारका, आणि तो रिकामा आला तर एकूण पानं धरा. '-५' आला तर विचारा.

दोन रकान्यांबद्दल. एकच सलग भाग हवा असेल तर ते उत्तम, चुकायला जागाच कमी. पण तुमच्या नमुन्यांत तीन-चार भाग सर्रास आहेत. म्हणजे सहा-आठ रकाने आणि व्हॉट्सॲपवरचा मेसेज बघून दादानं ते हातानं भरायचे. त्यात तो ८ च्या जागी ९ टाइप करेल. मी तुमच्या जागी असते तर एकच मोठा रकाना ठेवला असता, मेसेज जसाच्या तसा चिकटवता येईल असा. त्याखाली प्रोग्रामला काय कळलं ते मोठ्या अक्षरांत: 'एकूण ९ पानं: १, २, ३, ४, ५, ८, ११, १२, १३'. दादानं ते वाचून दाखवायचं आणि गिऱ्हाइकानं हो म्हटल्यावरच छपाई. ही ओळ गेल्या महिन्यात असती तर तेराव्या पानाची चूक बाइंडिंगपर्यंत पोहोचली नसती. दादाचं शिस्तीचं म्हणणंही यात थोडं पाळता येईल: दुकानाच्या व्हॉट्सॲपवर '१-५, ८, ११-१३' असा एक नमुना लावून ठेवा. बघून बरेच जण तसं लिहितात.

एकच पान दोनदा आलं, '१-५, ३' असं, तर काय करायचं हे मात्र तुम्हीच ठरवायचंय. सेटमध्ये टाकलंत तर दुसरं तीन गळतं आणि क्रमही जातो. '१३, ११' असा उलटा क्रम कुणाला मुद्दाम हवा असेल तर तोही मोडतो. दुकानात मी लिस्टच ठेवेन आणि पान दोनदा आलं तर तसं दाखवेन. आणि '१-९९९९९९९९९' सारखा भाग उलगडायच्या आधीच एकूण पानांशी ताडून बघा, नाहीतर संगणकाची मेमरी संपेल.

कामाला लागाल तेव्हा क्रम हा ठेवा. नव्या कोडची एकही ओळ लिहायच्या आधी एका कोऱ्या फाइलमध्ये दोन रकाने करा. डावीकडे गिऱ्हाइकाची ओळ, उजवीकडे यायला हवीत ती पानं किंवा 'विचारा' हा शब्द. तुम्ही मला पाठवलेले सगळे नमुने त्यात घाला, '१-५, ११-१३, ८' घाला, रिकामी ओळ घाला, नुसता कॉमा घाला. उजवा रकाना भरायला दादाला शेजारी बसवा, कारण त्यातली बरीच उत्तरं त्याच्याकडे आहेत. मग कोड लिहा आणि पूर्ण फाइल त्यातून फिरवून बघा. पुढे कधी ओळ मोडली की ती आधी या फाइलमध्ये चढवायची आणि नंतर कोडला हात लावायचा.

आणि त्या मुलीची गेलेली पानं अजून लावून दिली नसतील, तर हे सगळं राहू द्या आणि आधी ती सातही प्रतींत लावून द्या.